फॉर्म, इव्हेंट आणि अखत्यार: एका पुस्तकाची प्रस्तावना

ज्या काळी डीबेस, क्लिपर आणि फॉक्सप्रो यांचा अंमल होता, त्या काळी संगणकावर हिशेबाचा अथवा नोंदणीचा प्रोग्राम लिहिणे म्हणजे प्रश्नांची एक ठरीव मालिका लिहिणे होते. पडद्यावर मेनू यावा, वापरणाऱ्याने त्यातील एक आकडा दाबावा, मग नाव विचारावे, मग पत्ता, मग रक्कम, आणि सरतेशेवटी नोंद कायम करावयाची की नाही एवढे विचारून पुन्हा मेनूवर परतावे, हा शिरस्ता इतका पक्का होता की, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवीत गेलेल्या वाचकास कोणत्या क्षणी काय घडेल हे बिनचूक सांगता येई. रकान्याची तपासणी करणारे ‘व्हॅलिड’ हे कलमदेखील तो रकाना मांडणाऱ्या ओळीच्याच शेपटीस जोडलेले असे. पुढाकार सर्वस्वी प्रोग्रामकडे होता; माणसाने विचारल्याचे तेवढे उत्तर द्यावयाचे, आणि तेही विचारलेल्या क्रमाने.

१९९१ साली व्हिज्युअल बेसिक आणि त्यापाठोपाठ नोव्हेंबर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची पहिली आवृत्ती बाजारात आली, आणि डेटाबेसच्या या जुन्या वहिवाटीस उतरती कळा लागली. आता फॉर्मवर वीस रकाने आणि पाचसहा बटने एकाच वेळी खुली असत. वापरणारा आधी रक्कम भरील की आधी नाव, मध्येच दुसरा फॉर्म उघडून बसेल, की काहीच न भरता वरच्या कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारून चालता होईल, याचा अंदाज लिहिणाऱ्यास आगाऊ बांधता येईना. प्रोग्रामला निश्चित अशी पहिली ओळ उरली नाही. त्याचे लहान लहान तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा आपापल्या प्रसंगाची वाट पाहत राहिला. मामलेदार कचेरीतील मुरलेला कारकून ज्याप्रमाणे आपण होऊन कोणाच्या दारी जात नाही, परंतु अर्ज पुढ्यात आला की तो कोणाकडे धाडावयाचा आणि कोणता जागच्या जागी फेटाळावयाचा हे त्यास तोंडपाठ असते, त्याप्रमाणे नव्या पद्धतीच्या कोडला स्वतःची चाल नसते. त्याला असते ती तयारी.

ही तयारी कशी करावी, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. ॲक्सेसवरील इंग्रजी ग्रंथ विपुल आहेत. पॉल लिटविन आणि केन गेट्झ यांचे ‘ॲक्सेस डेव्हलपर्स हँडबुक’ तर एका पिढीच्या टेबलावर कायमचे होते. तरीसुद्धा मराठीत स्वतंत्रपणे लिहावे असे वाटले, ते एका निरीक्षणामुळे. आमच्याकडील कित्येक हौशी प्रोग्रामर भाषेचे व्याकरण उत्तम जाणतात, अटी आणि आवर्तने सफाईने लिहितात, टेबलांची रचनाही नीट करतात. परंतु लिहिलेला कोड कोणत्या इव्हेंटला जोडावा याचा विचार ते सर्वांच्या शेवटी, बहुधा अंदाजाने करतात. एका इव्हेंटमध्ये टाकून पाहावे, न जमल्यास दुसऱ्यात हलवावे, आणि जेथे चालेल तेथे ठेवून द्यावे, अशी ही रीत आहे. अशा रीतीने बांधलेला डेटाबेस पहिले काही महिने निर्वेध चालतो आणि मग एखाद्या कामाच्या गर्दीच्या दिवशी असा अडतो की, दोष कोठे आहे हे खुद्द कर्त्यासही सांगता येत नाही. या पुस्तकाचे प्रतिपाद्य म्हणून थोडक्यात असे आहे की, इव्हेंट हा कोडला पाचारण करणारा क्षण आहे, नियमाचे निवासस्थान नव्हे. आणि कोणत्याही क्षणाची निवड करण्यापूर्वी त्या क्षणी आपल्याला नकार देण्याचा अखत्यार आहे काय, हे पाहिले पाहिजे.

प्रथम क्रमाचा विचार करू. फॉर्म उघडताना ‘ओपन’, ‘लोड’, ‘रिसाइझ’, ‘ॲक्टिव्हेट’ आणि ‘करंट’ हे इव्हेंट याच अनुक्रमाने घडतात. बंद होताना ‘अनलोड’, ‘डिॲक्टिव्हेट’ आणि ‘क्लोज’. ही नामावळी पाठ करण्यात विशेष पुरुषार्थ नाही, परंतु तिच्यातील प्रत्येक पायरीस स्वतंत्र कारण आहे. ‘ओपन’च्या वेळी फॉर्मला अजून नकार देता येतो; ज्यास पाहण्याची परवानगी नाही त्यास येथेच परतवावे. ‘लोड’च्या वेळी रेकॉर्ड हाती आलेले असतात, म्हणून आरंभीच्या किमती मांडावयाच्या त्या येथे मांडाव्यात. ‘करंट’ मात्र एकदाच घडून थांबत नाही. वापरणारा एका रेकॉर्डवरून दुसऱ्यावर गेला की तो प्रत्येक वेळी घडतो. एखादे बटन काही रेकॉर्डपुरतेच निष्क्रिय करावयाचे असता ते काम ‘लोड’मध्ये लिहिणाऱ्याला पहिल्या रेकॉर्डवर यश मिळते आणि दुसऱ्यावर अपयश, त्याचे कारण हेच होय. फॉर्मच्या पोटात सबफॉर्म असेल तर त्याचे इव्हेंट मुख्य फॉर्मच्या आधी घडतात, ही गोष्ट तर पुष्कळांना चकवते. सबफॉर्मच्या ‘लोड’मधून मुख्य फॉर्मवरील रकाना वाचू पाहणारा कोड, घर बांधून होण्यापूर्वीच त्यात राहावयास जातो.

क्रमानंतर अखत्यार. ॲक्सेसच्या रचनाकारांनी इव्हेंटच्या दोन जाती केल्या. पहिल्या जातीच्या प्रोसीजरला ‘कॅन्सल’ नावाचा एक चल दिलेला असतो, आणि त्यास ‘ट्रू’ अशी किंमत दिली की घडू घातलेली गोष्ट तहकूब होते; ‘ओपन’, ‘अनलोड’, ‘एक्झिट’, ‘डिलीट’, ‘बिफोर इन्सर्ट’ आणि ‘बिफोर अपडेट’ हे या जातीचे. दुसऱ्या जातीला झाल्या गोष्टीची वर्दी तेवढी मिळते. ‘लोड’, ‘क्लोज’, ‘आफ्टर अपडेट’ हे त्या जातीचे. तपासणीचा कोड ‘आफ्टर अपडेट’मध्ये लिहिणे म्हणजे दस्त रुजू झाल्यावर हरकत घेणे आहे. शिवाय ‘बिफोर अपडेट’ दोन ठिकाणी आढळतो, एक प्रत्येक कंट्रोलचा आणि दुसरा समग्र फॉर्मचा, आणि या दोहोंतील भेद न ओळखल्याने जेवढे सदोष डेटाबेस निर्माण होतात तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने होत असतील. कंट्रोलचा ‘बिफोर अपडेट’ त्या रकान्यात काही बदल केला तरच घडतो. ‘खातेदाराचे नाव कोरे राहता कामा नये’ ही अट नावाच्या रकान्यावर लिहिली, आणि वापरणाऱ्याने त्या रकान्यास स्पर्शच केला नाही, तर अट आपल्या जागी स्वस्थ पडून राहते आणि निनावी नोंद बिनदिक्कत दाखल होते. अनिवार्यतेची तपासणी म्हणून फॉर्मच्या ‘बिफोर अपडेट’मध्ये असावी, कारण रेकॉर्डात काही लिहिले गेले असेल तर त्या उंबरठ्यावरून गेल्यावाचून फॉर्ममधून ते टेबलात पोहोचूच शकत नाही.

याच कारणास्तव ‘जतन करा’ या बटनाच्या ‘क्लिक’मध्ये नियम लिहिण्याची प्रथा मला घातक वाटते. ॲक्सेसच्या फॉर्मला जतन होण्यासाठी त्या बटनाची मुळीच गरज नसते. वापरणारा पुढील रेकॉर्डवर गेला, शिफ्ट आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या, मुख्य फॉर्ममधून सबफॉर्ममध्ये शिरला, किंवा खिडकी बंद केली, तरी रेकॉर्ड आपोआप जतन होते; आणि बटनामागे लपविलेला नियम यांपैकी एकाही वाटेवर उभा नसतो. बटनाने रेकॉर्ड जतन करण्याची आज्ञा द्यावी आणि नियमाची अंमलबजावणी ‘बिफोर अपडेट’वर सोपवावी. खिडकी कोडच्या द्वारे बंद करताना तर अधिक सावधगिरी हवी. फॉर्म बंद करण्याची साधी आज्ञा दिली आणि त्या क्षणी एखाद्या अटीमुळे रेकॉर्ड जतन होऊ शकत नसेल, तर ॲक्सेस कोणताही इशारा न देता तो बदल टाकून देते आणि फॉर्म बंद करते. बंद करण्यापूर्वी फॉर्मच्या ‘डर्टी’ या गुणधर्मास ‘फॉल्स’ ही किंमत दिल्यास आधी जतन करण्याचा प्रयत्न होतो, आणि अडचण असेल तर ती त्रुटीच्या रूपाने डोळ्यांसमोर येते. दोन ओळींचा हा शिरस्ता ज्याने पाळला नाही त्याच्याकडे, ‘मी भरले होते, पण नोंद दिसत नाही’ अशी कैफियत घेऊन कोणी ना कोणी आल्यावाचून राहत नाही.

उदाहरणादाखल पावती क्रमांक घ्या. एखाद्या पतसंस्थेत दोन खिडक्यांवर दोन कर्मचारी एकाच डेटाबेसात पावत्या करीत आहेत, आणि नवा क्रमांक हा आजवरच्या सर्वांत मोठ्या क्रमांकात एक मिळवून काढावयाचा आहे. हे गणित ‘बिफोर इन्सर्ट’मध्ये लिहिणे प्रथमदर्शनी सयुक्तिक वाटते, कारण नवे रेकॉर्ड सुरू होताच तो इव्हेंट घडतो. परंतु तो घडतो पहिले अक्षर उमटताना, आणि रेकॉर्ड टेबलात जाते ते सर्व रकाने भरून झाल्यावर. दरम्यान पहिल्या खिडकीवरील गृहस्थ खिशातून चिल्लर काढीत उभे असता दुसऱ्या खिडकीवरील कर्मचारी नवी पावती सुरू करतो, आणि पहिली अद्याप टेबलात गेलेली नसल्याने त्यालाही तोच क्रमांक मिळतो. तेच गणित फॉर्मच्या ‘बिफोर अपडेट’मध्ये, सर्व तपासण्यांच्या अखेरीस आणि रेकॉर्ड नवे असेल तरच, असे हलविले की क्रमांक काढणे आणि तो नोंदणे यांतील अंतर क्षणमात्र उरते. ते क्षणमात्र का होईना उरतेच, म्हणून टेबलावर त्या रकान्याचा अद्वितीय इंडेक्स असणे अवश्य आहे. मग क्वचित टक्कर झालीच तर ३०२२ क्रमांकाची त्रुटी उद्भवते, ती फॉर्मच्या ‘एरर’ इव्हेंटमध्ये हेरून वापरणाऱ्यास समजेल असा खुलासा देता येतो. कोड एकच, त्याची ओळही एकच. फरक पडला तो ती कोणत्या क्षणी चालली याने.

‘आफ्टर अपडेट’ला नकाराचा अधिकार नाही, म्हणून तो निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. मायक्रोसॉफ्टने ॲक्सेसबरोबर वर्षानुवर्षे दिलेल्या नॉर्थविंड या नमुना डेटाबेसमध्ये, एका काल्पनिक व्यापारी पेढीच्या मागणीपत्रात, त्याचा आदर्श उपयोग पाहावयास मिळतो. मागणीच्या सबफॉर्ममध्ये माल निवडला की त्या रकान्याचा ‘आफ्टर अपडेट’ घडतो, आणि तो मालाच्या टेबलातून त्याचा दर शोधून काढून मागणीच्या ओळीत लिहितो. दर मालाच्या टेबलात आहेच, तो पुन्हा का लिहावा, असे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल सिद्धान्ताचा नवखा अभ्यासक विचारील. उत्तर असे की ती दोन निराळी तथ्ये आहेत: एक आजचा दर, आणि दुसरा त्या दिवशी ठरलेला दर. मागणीच्या ओळीत दर उतरला नसता तर पुढे भाव वाढताच मागील सर्व बिलांच्या बेरजा आपोआप बदलल्या असत्या. व्यवहार ठरण्याचा क्षण टिपून ठेवणे हे काम, निवड मान्य झाल्यानंतर लगेच घडणाऱ्या इव्हेंटलाच शोभते.

येथपर्यंत इव्हेंट कोडला हाक मारीत होता; आता कोडने कोडला हाक मारण्याचा प्रश्न येतो, आणि त्याचे मूळ एका मौनात आहे. वापरणाऱ्याने रकान्यात किंमत भरली तर त्याचे ‘बिफोर अपडेट’ आणि ‘आफ्टर अपडेट’ घडतात. तीच किंमत कोडने भरली तर त्या रकान्याचे हे दोन्ही इव्हेंट घडत नाहीत. माल कोडने निवडला तर दर येणार नाही. अशा वेळी दर आणणारी प्रोसीजर आपणच बोलावणे प्राप्त होते, आणि ती दुसऱ्या फॉर्मच्या पोटात असेल तर तिला गाठावयाचे कसे, ही अडचण उभी राहते. ॲक्सेस इव्हेंटच्या प्रोसीजरांना ‘प्रायव्हेट’ ठरवून जन्म देते. तो शब्द बदलून ‘पब्लिक’ केला की, फॉर्म उघडा असताना ‘फॉर्म्स’ या संग्रहातून त्याचे नाव घेऊन ती प्रोसीजर बाहेरून चालविता येते. सबफॉर्म या संग्रहात स्वतंत्रपणे सापडत नाही. मुख्य फॉर्मवरील सबफॉर्म-कंट्रोलच्या ‘फॉर्म’ या गुणधर्मातूनच त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते. परंतु बाहेरून एखाद्या बटनाचा ‘क्लिक’ चालविणे म्हणजे न घडलेल्या टिचकीची बतावणी करणे आहे. उद्या ते बटन काढून टाकले तर त्याच्यावर विसंबलेली सारी यंत्रणा कोलमडते. त्याऐवजी कामाला त्याचे स्वतःचे नाव द्यावे, जसे ‘दर आणा’ किंवा ‘शिल्लक मोजा’, ती प्रोसीजर ‘पब्लिक’ ठेवावी, आणि इव्हेंटच्या प्रोसीजरमध्ये तिला पाचारण करणारी एकच ओळ असावी. मग बटन, रकाना आणि दुसरा फॉर्म हे तिघेही एकाच दाराने आत येतात. जे काम एकाहून अधिक फॉर्मांना लागते ते सामान्य मॉड्यूलमध्ये न्यावे आणि फॉर्म त्याच्या हवाली करावा. कंट्रोलच्या गुणधर्मपत्रकात बरोबरचे चिन्ह देऊन थेट फंक्शनचे नाव लिहिण्याचीही सोय ॲक्सेसने ठेवली आहे, आणि तीस रकान्यांना एकच वागणूक द्यावयाची असता तीस प्रोसीजर लिहिण्याचे श्रम तिच्यामुळे वाचतात.

एक सूक्ष्म धोका येथेच नमूद करतो. फॉर्मचे मॉड्यूल हे क्लास मॉड्यूल असल्याने ‘फॉर्म’ हे पद, अधोरेषा आणि फॉर्मचे नाव असा उल्लेख करूनही त्यास हाक मारता येते, आणि लिहिताना सूचना-यादी समोर येत असल्याने ही पद्धत मोहक वाटते. परंतु तो फॉर्म त्या वेळी उघडा नसेल, तर ॲक्सेस तक्रार करण्याऐवजी त्याची एक अदृश्य प्रत निर्माण करते, तिचे ‘ओपन’ आणि ‘लोड’ चालवते, आणि आपला कोड त्या प्रतीवर इमानेइतबारे राबतो. पडद्यावर काहीच हालत नाही, त्रुटीही येत नाही. आपण कोणत्या प्रतीशी बोलत आहोत हे स्वतःच्या मॉड्यूलपुरते ‘मी’ या सर्वनामाने निःसंदिग्ध करता येते. परक्या फॉर्मशी बोलण्यापूर्वी तो उघडा आहे याची खातरजमा करणे हाच राजमार्ग होय.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे, जिची दखल इंग्रजी ग्रंथांत सहसा आढळत नाही. ॲक्सेसची टेबले आणि फॉर्म २००० च्या आवृत्तीपासून युनिकोड जाणतात, त्यामुळे रकान्यात देवनागरी मजकूर सुखेनैव राहतो; परंतु कोड लिहिण्याची खिडकी युनिकोड जाणत नाही, आणि तेथे टंकलेला मराठी इशारा प्रश्नचिन्हांच्या रांगेत परिणत होतो. यावर तोडगा असा की सर्व संदेश एका टेबलात क्रमांकवार ठेवावेत आणि ते दाखविण्यासाठी स्वतःचा एक छोटा फॉर्म करावा. तो संवाद-खिडकीच्या रीतीने उघडला असता, तो बंद होईपर्यंत किंवा अदृश्य केला जाईपर्यंत, बोलावणारा कोड आपल्या जागी थांबून राहतो. ‘होय’ या बटनाने फॉर्म बंद न करता केवळ अदृश्य करावा, बोलावणाऱ्या कोडने त्यातील उत्तर वाचावे, आणि मग तो बंद करावा. कंट्रोलांची नावे मात्र रोमन लिपीतच ठेवणे इष्ट, कारण इव्हेंटच्या प्रोसीजरचे नाव त्यांच्यापासूनच घडते.

या सर्व व्यवस्थेची मर्यादाही सांगितली पाहिजे. फॉर्मचे इव्हेंट फॉर्मपुरतेच जागे असतात. कोणी टेबल थेट उघडून आकडा बदलला, किंवा एखादी अपडेट क्वेरी चालविली, तर फॉर्ममधील एकही प्रोसीजर उठत नाही. म्हणून जी अट कोणत्याही परिस्थितीत मोडता कामा नये, तिचे स्थान टेबलाच्या व्याख्येत आहे: अनिवार्य रकाना, वैधतेचा नियम, अद्वितीय इंडेक्स आणि टेबलांमधील संबंधाची अखंडता. २०१० च्या आवृत्तीपासून टेबललाही स्वतःचे इव्हेंट लाभले, ज्यांना डेटा मॅक्रो म्हणतात. फॉर्मच्या कोडचे काम त्यांच्या अलीकडचे आहे: वापरणाऱ्यास वेळीच सावध करणे, त्याचे श्रम वाचविणे, आणि नकार द्यावयाचा तर तो त्याच्या भाषेत देणे.

हा विषय आता कालबाह्य झाला, असा आक्षेप येईल. ॲक्सेसच्या वेब-आवृत्तीचा प्रयोग २०१८ मध्ये गुंडाळला गेला हे खरे. तथापि टेबलावरच्या संगणकातील ॲक्सेस आजही चालू आहे, आणि त्याच्यावर विसंबलेल्या लहान कार्यालयांस त्याच्या आयुर्मर्यादेच्या भाकितापेक्षा उद्या सकाळची पावती अधिक महत्त्वाची वाटते. त्याखेरीज, ब्राउझरमधील पानावर काम करणारा प्रोग्रामरदेखील नाव निराळे घेऊन हेच प्रश्न सोडवीत असतो: कोणता क्षण आधी, कोणता नंतर, आणि रोखण्याची सोय कोठवर.

पुस्तकाची मांडणी याच प्रश्नांच्या अनुरोधाने केली आहे. पहिल्या भागात इव्हेंटचा क्रम, दुसऱ्यात नकाराचा अखत्यार, तिसऱ्यात फॉर्मांचे परस्परांस पाचारण, आणि चौथ्यात त्रुटींचा बंदोबस्त. वाचकास भाषेचा प्राथमिक परिचय आहे असे गृहीत धरले आहे. त्याहून अधिक पूर्वतयारी लागणार नाही. एक अभ्यास मात्र पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी करावा अशी आग्रहाची ताकीद आहे. एक साधा फॉर्म घ्यावा, त्यात एक सबफॉर्म बसवावा, दोहोंच्या प्रत्येक इव्हेंटमध्ये त्याचे नाव इमिजिएट खिडकीत छापणारी एकेक ओळ लिहावी, आणि मग फॉर्म उघडावा, रेकॉर्ड बदलावे, एक पुसावे, एक नवे भरून अर्ध्यावर सोडावे आणि फॉर्म बंद करावा. खिडकीत उमटलेली यादी कागदावर उतरवून घ्यावी आणि या पुस्तकातील प्रत्येक विधान तिच्याशी ताडून पाहावे. जेथे मेळ बसणार नाही तेथे यादी प्रमाण मानावी, पुस्तक नव्हे.